बारासाबाईंच्या परसातलं पाणी

घर का विकताय, असं कुणीही विचारलं की एर्लिंडा बारासा एकच शब्द बोलायच्या. "दमले." समोरचा माणूस पुढचं ऐकायला थांबला तर त्या त्याच्याकडे अशा बघायच्या, की सगळं सांगून तर झालं, आता आणखी काय हवंय तुला?

आणि सांगण्यासारखं फारसं नव्हतंही. वाळवंटातल्या मेसा शहराच्या जुन्या वस्तीत आमची रांग आहे, तिच्या टोकाला त्यांचं घर. घर बेताचं, पण परसू असं ऐसपैस की नव्या वस्तीत एवढ्या जागेत तीन घरं बसवली असती. ग्रेपफ्रूटची जुनी झाडं, बुंध्यांना पांढरा रंग फासलेला, खाली दाट हिरवळ. बाईंचा नवरा रामीरो छपरं घालायच्या कामाला होता. आयुष्यभर मेसाच्या उन्हात दुसऱ्यांच्या छपरांवर चढला आणि एका दुपारी स्वतःच्या छपराखाली, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याला आता चार वर्षं झाली. बाई शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. निवृत्त झाल्या तरी हाताला शाळेचाच अंदाज. एकटीसाठी राजमा शिजवायला घेतला तरी मोठंच पातेलं निघायचं, आणि मग दोन दिवस आमच्या रांगेत प्रत्येकाच्या घरी राजमा.

नवरा गेल्यावर घराची सगळी कामं त्यांच्यावर आली. एसीची गाळणी बदलणं, फळं गोळा करणं, गवत कापून घेणं, परसाला पाणी देणं. पायांना सूज यायची. संध्याकाळी ओट्यावर बसून पाय बादलीत सोडायच्या आणि येणाऱ्या जाणाऱ्याला म्हणायच्या, "घर मी सांभाळत नाही, घरच मला राबवतंय."

त्यांची थोरली बहीण चायो लास क्रूसेसला राहते. मोटारीनं जायला सहा तास. तीही एकटी. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी ती म्हणायची, "लिंडा, ये इकडे. मरायची वाट तिकडे एकटीनं बघण्यापेक्षा इकडे दोघी मिळून बघू."

पण बहिणीच्या घरात राहायला बाई तयार नव्हत्या. रामीरोच्या अंत्यविधीनंतर त्या तीन आठवडे चायोकडे राहिल्या होत्या. परत आल्या त्या जबडा आवळूनच. "मी धुतलेली बशीसुद्धा ती पुन्हा धुते," एवढंच आम्हाला सांगितलं. आणि मग या वसंतात चायोच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर रिकामं व्हायची चिन्हं दिसली. त्या घराची मालकीण, लुसेरो नावाची म्हातारी, मुलाकडे चालली होती. ती चायोला म्हणाली, "तुझ्या बहिणीसाठी महिनाअखेरपर्यंत थांबते. पुढे नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जरा रंग आला. "भिंतीपलीकडे चायो, अलीकडे मी," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघर माझं. दाराला आतून कडी. याच्याहून जवळ नको आणि याच्याहून लांबही नको."

आता घर झटपट विकायला हवं होतं. नेहमीच्या रीतीनं, म्हणजे दलाल नेमून, दारात पाटी लावून, दर रविवारी घर लोकांना बघायला उघडं ठेवून विकायचं, हे त्यांना नको होतं. त्यांच्या मावसबहिणीनं तसं विकलं होतं. लोक न्हाणीघरातलं कपाट उघडून औषधांच्या बाटल्या वाचायचे. एका बाईनं गादीवर बसून गादी दाबून पाहिली होती, गादी विकायची नसताना. "माझ्या घरात असं कुणी फिरलं तर मी लाटणं हातात घेईन," बाई म्हणाल्या.

घरं विकत घेणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीची कार्डं आमच्या रांगेत सगळ्यांच्या टपालपेटीत पडायची. काम सोपं असतं. फोनवर पत्ता टाकायचा. कंपनीचा संगणक आसपासची कुठली घरं कितीला गेली ते बघतो आणि थोड्या वेळात आकडा पाठवतो. पटला तर घराचा व्हिडिओ काढून द्यायचा, कंपनीची माणसं तो तपासतात आणि ठरल्या दिवशी पैसे खात्यात. कुणी कपाट उघडत नाही, कुणी गादी दाबत नाही. बाईंनी पत्ता टाकला, आकडा आला. लास क्रूसेसचं घर घेऊन हाताशी थोडं उरेल इतका. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला आणि लगेच चायोला फोन करून सांगितलं, "लुसेरोबाईला सांग, पडदे काढू नकोस म्हणावं. मी घेते तेच."

राहिला व्हिडिओ. तो आठवड्यात कधीही काढला असता तरी चाललं असतं. बाईंनी मुद्दाम पाण्याचा दिवस निवडला.

आमच्या वस्तीला कालव्याचं पाणी आहे. पूर्वी इथं शेतं होती. शेतं गेली, घरं आली, पण पाणी जुन्याच रीतीनं येत राहिलं. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी पाटकरी वरून पाणी सोडतो आणि ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या परसातलं पाण्याचं दार उघडायचं. परसाच्या चारही बाजूंनी मातीचे बांध घातलेले असतात. बघता बघता सगळं परसू भाताच्या खाचरासारखं भरतं. झाडं घोट्याएवढ्या पाण्यात उभी, वर आभाळ, खाली आभाळ. बगळे उतरतात. पाण्याबरोबर कालव्यातले चिमुकले मासेही येतात आणि पोरं चाळण्या घेऊन त्यांच्यामागे धावतात. मेसात बाकी सगळीकडे वाळू, खडी आणि निवडुंग, त्यामुळे पाण्याच्या दिवशी आमची रांग म्हणजे वेगळाच मुलूख. कुणाच्या नातवाचा बाप्तिस्मा असो, कुणाची पोर पंधराची झालेली असो, परसातले फोटो काढायचे ते पाण्याच्या दिवशीच. त्यामुळे घराचा सगळ्यात चांगला व्हिडिओ कधी काढायचा, हा आमच्यापैकी कुणालाही प्रश्न पडला नसता.

बाईंनी केस विंचरले, ओठांना रंग लावला. तो व्हिडिओत येणार नव्हता तरी. खोल्या दाखवल्या, सांगितल्याप्रमाणे नळ सोडून दाखवले, दिवे लावून दाखवले. मग मागचं दार उघडलं आणि फोन परसाकडे वळवला. त्यांचा आवाज व्हिडिओत अगदी स्वच्छ ऐकू येतो. "आणि हे बघा. दर दोन आठवड्यांनी असं भरतं. आता घोट्यापर्यंत आहे, आणखी थोडं चढेल. बगळा बघा, तो बघा बगळा."

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून फोन आला.

"मिसेस बारासा, मी टेरिन. तुमच्या घराचं काम माझ्याकडे आहे. व्हिडिओ बघितला. तुम्ही सुखरूप आहात ना?"

"मी? हो. मला काय झालंय?"

"पाणी घरात नाही ना शिरलं?"

"घरात कशाला शिरेल?"

"मागे सगळीकडे पाणी आहे. काही फुटलंय का? तुमचा पुराचा विमा आहे का?"

"अगं पोरी, पूर कसला? पाणी दिलंय परसाला."

"कुणी दिलंय?"

"मी."

टेरिननं अगदी हळू विचारलं, "मुद्दाम?"

"तू कुठे असतेस गं?"

"ओहायोत."

"तिकडे झाडांना पाणी कोण देतं?"

"पाऊस पडतो, मॅडम."

"बरोबर. म्हणून तुला कळत नाहीये."

टेरिन पोरगी चांगली होती. ती हसली, तिनं सगळं समजून घेतलं, लिहूनही घेतलं. पण तपासणी तिच्या हातात नव्हती. तपासणाऱ्यांनी बगळा पाहिला नाही. त्यांनी पाहिलं ते घराच्या पायापासून चार पावलांवर साचलेलं पाणी, आणि तेही मालकीण स्वतःच्या तोंडानं सांगतेय की दर दोन आठवड्यांनी साचतं, आणखी चढतं. बाईंनी काही खोटं सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही काही चुकीचं पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी निरोप आला. परसात येणारी कालव्याची पाइप कायमची बंद करा, सिमेंट भरून, आणि बुजवलेल्या तोंडाचा फोटो पाठवा. मग आकडा तोच राहील. पाइप तशीच ठेवायची असेल तर आकडा खाली येईल. किती, तेही लिहिलं होतं. तेवढ्यात लास क्रूसेसचं घर बसत नव्हतं.

बाईंनी फार विचार केला नाही. पाणी बंद करायचं तर करायचं. घर विकल्यावर तिथं गवत उगवलं काय आणि खडी पसरली काय. त्यांनी बेतोला, म्हणजे नळकाम करणाऱ्या डागोबेर्तोला, बोलावलं. तो परसाच्या कोपऱ्यात गेला, सिमेंटचा चौकोनी हौद आहे त्याच्यात वाकून बघितलं. पाइप त्या हौदात येते. हौदाला पत्र्याच्या दोन फळ्या आहेत, एक उचलली की पाणी बाईंच्या परसात, दुसरी उचलली की कुंपणाखालून पलीकडे.

"ही दुसरी कुणाची?" बेतोनं विचारलं.

"मिस्टर टेनींची."

"पाइप बुजवली की त्यांचंही बंद. त्यांना सांगितलंत?"

"सांगते ना."

"आधी सांगा. मग मला बोलवा. म्हाताऱ्याच्या शिव्या खायला मी येणार नाही."

"ते शिव्या देत नाहीत. चर्चचे माणूस आहेत."

"तेच म्हणतोय. शिव्या देणारा माणूस एका मिनिटात मोकळा होतो."

ऑरिन टेनी ऐंशीच्या पुढचे. आमच्या रांगेची सगळी जमीन एके काळी त्यांच्या वडिलांची. वडिलांनी आणि नंतर त्यांनी ती तुकड्यातुकड्यानं विकली, आणि स्वतःला एक घर आणि पिकानची चार झाडं ठेवली. पिकान म्हणजे अक्रोडाच्याच घराण्यातलं फळ. झाडं अशी उंच की रांगेत शिरताना ती आधी दिसतात. हिवाळ्यात टेनी आजोबा कागदी पिशव्या भरून पिकान दारोदार ठेवून जातात, न फोडलेले. कुणी नको म्हणत नाही आणि कुणाच्यानं सगळे फोडूनही होत नाहीत.

रामीरोशी त्यांचं पाण्यावरून सतत वाजायचं. रामीरो आपली फळी जरा जास्त वेळ वर ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला घड्याळ कळत नाही, असं रामीरोचं म्हणणं. रामीरो गेल्यावर पहिल्याच पाण्याच्या दिवशी ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. बाईंना वाटलं, आता दोन शब्द बोलतील बरे. ते म्हणाले, "मिसेस बारासा, माझं पाणी." बाईंनी त्यांची फळी उचलली. तेव्हापासून दर वेळी त्याच उचलत होत्या, कारण आजोबांचे गुडघे आता वाकत नाहीत आणि हौद खाली आहे. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायला लागले नव्हते.

बेतो गेल्यावर बाई लगेच कुंपणापाशी गेल्या. उशीर केला तर जाणं होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"मिस्टर टेनी, घर विकतेय मी."

"ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. ओट्यावर बसून फोनवर बोलता. अख्ख्या रांगेला ऐकू जातं."

"मग हे ऐकलंत का? ते पाइप बंद करायला सांगतायत. सिमेंट घालून."

टेनी आजोबांनी टोपी काढली, आतून बाहेरून बघितली, पुन्हा घातली.

"पाइप तुमच्या जागेत आहे," ते शेवटी म्हणाले. "तुमचा अधिकार आहे."

"अधिकाराचं नाही बोलत मी. तुमच्या झाडांचं काय?"

"शहराचं पाणी आहे की. नळी लावेन."

"पिकानला नळी? मिस्टर टेनी, ती झाडं आहेत, कुंड्या नाहीत."

"मला शिकवू नका. तुम्ही शाळेत बटाटे कुस्करत होतात, तेव्हा मी ही झाडं लावत होतो."

"शाळेत होते तेव्हाच लावलीत ना, मग माझ्यापेक्षा लहानच आहेत."

एरवी यावर ते काहीतरी म्हणालेच असते. त्या दिवशी म्हणाले नाहीत. "कधी करताय?" एवढं विचारलं, बाईंनी पुढच्या आठवड्यात म्हटलं, त्यांनी मान हलवली आणि आत गेले. बाईंना वाटलं होतं भांडण होईल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आवाज चढला असता, मग रागाच्या भरात बेतोला फोन करता आला असता.

त्या घरी येऊन खोकी भरायला लागल्या. ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळताना स्वतःशीच बोलत होत्या. कुणाकुणाच्या झाडांचं ओझं मी घ्यायचं? माझी ग्रेपफ्रूट मरणारच आहेत, त्यांच्यासाठी कोण रडतंय? आणि आजोबा आज आहेत, उद्या नाहीत, मग त्यांच्या मागे ती झाडं कुणीतरी तोडणारच. हे सगळं खरं होतं. चायोनं फोनवर हेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. "म्हाताऱ्यानं तुला कधी धन्यवाद म्हटलंय का? नाही ना? मग झालं. सिमेंट घाल आणि ये."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघतात तर मागच्या बोळात कुणीतरी खणतंय. टेनी आजोबा. टोपी, लांब बाह्यांचा सदरा, हातात फावडं. बोळाच्या कडेनं त्यांनी दोरी ताणली होती, रांगेच्या तोंडाशी कालव्याचं मुख्य दार आहे तिथपासून स्वतःच्या कुंपणापर्यंत. त्या दोरीखाली वीतभर खोल आणि जेमतेम दोन हात लांब चर झाला होता. मेसाची जमीन मे महिन्यात विटेसारखी असते. फावडं आपटायचं, एक ढेकूळ निघायचं, आजोबा फावड्यावर टेकून उभे राहायचे, पुन्हा आपटायचे.

बाई खिडकीपाशी थांबल्या. कॉफी गार झाली. त्यांना वाटलं, दमेल आणि जाईल घरात. आजोबा दमले होतेच, पण घरात जात नव्हते. शेवटी बाई चपला घालून बोळात गेल्या.

"हे काय चाललंय?"

"पाइप टाकतोय. माझ्या बाजूनं. तुमचं काही लागत नाही."

"परवानगी काढलीत?"

"कालव्याच्या ऑफिसात फोन केला होता."

"काय म्हणाले?"

"नकाशा द्या, इंजिनियरचा सहीशिक्का द्या, फी भरा, मग सांगतो म्हणाले."

"मग?"

"मग काय. ते कागद करतील तोवर मी खणून ठेवतो."

"मिस्टर टेनी, इतक्या लांब? तुम्ही? या उन्हात?"

"रोज थोडं."

"अहो, रोज थोडं करत गेलात तर तुम्ही चराच्या अर्ध्यावर मराल आणि आम्हाला तुम्हाला तिथंच पुरायला लागेल!"

"खोली पुरणार नाही," आजोबा म्हणाले. त्यांनी चराकडे बघितलं. "अजून खणावं लागेल."

बाईंना हसू आलं आणि हसताना राग आला. त्यांनी फावडं ओढून घ्यायला हात घातला. आजोबांनी सोडलं नाही. दोघं बोळात फावडं धरून उभे, कुणालाच ओढायची ताकद नाही. आमच्यातल्या एकानं कुंपणावरून पाहिलं आणि मुद्दाम आत गेला, कारण अशा वेळी कुणी बघितलेलं माणसाला आवडत नाही.

"सोडा," बाई म्हणाल्या. "सोडा म्हणते ना."

"मिसेस बारासा, मी तुमच्याकडे काही मागितलंय का?"

"नाही. तेच तर. मागितलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं!"

आजोबांनी फावडं सोडलं. बाई ते घेऊन घरी आल्या, दाराच्या आत भिंतीला टेकवून ठेवलं आणि खोक्यांच्या मधे जागा करून बसल्या. नंतर आम्हाला त्यांनी सांगितलं की दया वगैरे काही आली नव्हती. "दया आली असती तर मी पहिल्याच दिवशी केलं असतं," त्या म्हणाल्या. "पण मी तिथं लास क्रूसेसला माझ्या स्वयंपाकघरात बसणार आणि डोक्यात हा माणूस खणतच राहणार. मला तिथं जाऊन आराम करायचा होता. रोज सकाळी उठून त्या फावड्याचा आवाज ऐकायला माझ्यात जीव नव्हता."

त्यांनी टेरिनला फोन केला.

"पोरी, तो दुसरा आकडा. तो अजून आहे?"

"आहे, पण मॅडम, तो बराच कमी आहे. पाइप बंद करायला एक दिवसही लागणार नाही."

"माहितेय. मला हे सांग, पाइप तशी ठेवली तर उद्या तुमचं कुणी येऊन ती बुजवेल का?"

"आम्ही घर रंगवतो, नीट करतो, पुढे विकतो. नवा मालक काय करेल ते मी नाही सांगू शकत."

"मग कागदात लिही. शेजाऱ्याचं पाणी या परसातून जातं, ते कुणी अडवायचं नाही, आणि दार उघडायला त्यानं आत यायचं. असं लिहिता येतं का?"

टेरिननं विचारून सांगते म्हटलं. दुपारी तिचा फोन आला. लिहिता येतं. शेजाऱ्याचा हक्क म्हणून नोंदवता येतो, घर कितीही वेळा विकलं तरी तो राहतो. त्यासाठी टेनींची सही लागेल. आणि आकडा मात्र आणखी किंचित खाली येईल.

"आणखी?" बाई म्हणाल्या.

"मला वाईट वाटतं, मिसेस बारासा."

"तुला कशाला वाईट वाटायला हवं? तुझ्याकडे पाऊस पडतो." त्यांनी डोळे मिटले. "लिही."

संध्याकाळी त्या कागद घेऊन टेनी आजोबांकडे गेल्या. आजोबांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. बाई दारातच उभ्या. बसा म्हणायचं आजोबांना सुचलं नाही. सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "का केलंत?"

"भांडायचा कंटाळा आला."

"आपण भांडत नव्हतो."

"तेच जास्त जड झालं."

आजोबांनी कागद परत दिला. चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "त्या हौदातली माझी फळी अडकते. तुम्ही वंगण घालत नाही. नव्या मालकानं तर अजिबात घातलं नसतं. आता मलाच यावं लागेल."

"गुडघ्यांनी?"

"कुणीतरी येईल बरोबर."

कुणीतरी म्हणजे आम्ही, हे तेव्हाच ठरून गेलं, आम्हाला न विचारता. बाई घरी आल्या. आता चायोला सांगायचं राहिलं होतं. तो फोन त्यांनी सकाळपासून टाळला होता. भांडी पुसली, राहिलेली खोकी चिकटपट्टीनं बंद केली, पुसलेली भांडी पुन्हा पुसली. मग ओट्यावर न बसता आत, न्हाणीघरात जाऊन दार लावून फोन केला, म्हणजे रांगेला ऐकू जाणार नाही. पण भिंती पातळ असतात आमच्याकडे.

"लुसेरोबाईला सांग, पडदे काढ म्हणावं," त्या म्हणाल्या.

चायोला कळायला वेळ लागला नाही. ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. त्यात म्हातारा होता, झाडं होती, रामीरो होता आणि त्यांची दोघींची आईसुद्धा होती, जिनं लिंडाला लहानपणी लाडावून ठेवलं. बाई टबाच्या काठावर बसून ऐकत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही झालं. आता राहणार कुठे तू?"

"तुझ्याकडे. मागच्या खोलीत. जे मिळतंय त्यात माझं खाणं आणि औषधं निघतील, घर नाही निघणार."

चायोचा आवाज बदलला. तिला झालेला आनंद ती लपवायला बघत होती आणि तो तिला साधत नव्हता. "मागच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे. ती हलणार नाही."

"बरं."

"टीव्ही मी लावते तोच."

"बरं."

"सकाळी लवकर प्रार्थनेला जाते मी. तूही येशील. आणि दाराला आतून कडीबिडी काही नाही लावायची, मला भीती वाटते, तुला काही झालं तर मी आत कशी येऊ?"

बाईंनी न्हाणीघराच्या दाराच्या कडीकडे बघितलं. "बरं."

"आणि तिखट कमी. माझं पोट आता पूर्वीसारखं नाही."

"नाही," बाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"तिखट कमी नाही. चायो, खोली तुझी, मशीन तुझी, टीव्ही तुझा, देव तुझा. पण आठवड्यातले तीन दिवस स्वयंपाक माझा, आणि त्या तीन दिवसांत तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस. आणि मी धुतलेलं भांडं पुन्हा धुवायचं नाहीस."

"घर माझं आहे, लिंडा."

"म्हणूनच विचारतेय. माझं असतं तर विचारलं नसतं."

बाईंचे पाय सुजले होते, त्यांनी टबाचा नळ सोडला आणि पाय पाण्यात सोडून बसल्या.

"दोन दिवस," चायो म्हणाली.

"तीन."

"तू आधी ये तर. मग बघू."

"आधी ठरव. मग येते," बाई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट बघत फोन कानाला तसाच धरून बसून राहिल्या.